पावणेतीन वर्षांची मुलगी आणि साडेसहा वर्षांचा मुलगा : पोहण्याचा वर्ग कोणता निवडावा?

कोथरूडची_आई

नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. मुलगी पावणेतीन वर्षांची आहे आणि मुलगा साडेसहा वर्षांचा. दोघांनाही या उन्हाळ्यात पोहायला घालावे असे गेल्या दिवाळीपासून मनात आहे, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात गेलो होतो. उतरलो होतो तिथे एक छोटा तलाव होता आणि मुलगी त्याच्या पहिल्या पायरीवर बसून पाय हलवत होती. आम्ही चार मोठी माणसे तिच्यापासून दोन-तीन हातांवर बोलत उभी होतो. ती उठली, पुढची पायरी आहे असे समजून तिने पाऊल टाकले आणि पाण्याखाली गेली. ती ओरडली नाही आणि पाणी उडाल्याचा आवाजही झाला नाही. माझ्या नवऱ्याची नजर केवळ योगायोगाने तिकडे वळली, म्हणून त्याने तिला लगेच उचलले. तिला काही झाले नाही, पण तेव्हापासून मला स्वस्थ झोप लागलेली नाही.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. आमच्या सोसायटीच्या तलावावर एप्रिलपासून एकवीस दिवसांचे शिबिर सुरू होणार आहे. तिथले प्रशिक्षक ‘एकवीस दिवसांत मूल पोहू लागेल’ अशी हमी देतात. मात्र पालकांनी कठड्याच्या आत थांबायचे नाही, असा त्यांचा नियम आहे. दुसरा पर्याय बाणेरच्या बाजूचा. तिथे गरम पाण्याचा बंदिस्त तलाव असून लहान मुलांच्या वर्गात आई किंवा वडिलांना पाण्यात उतरावे लागते. शुल्क बरेच जास्त आहे आणि वर्ग आठवड्यातून दोनच दिवस असतो.

अडचण मुलाचीही आहे. गेल्या वर्षी एका शिबिरात दुसऱ्याच दिवशी त्याला मागून पाण्यात ढकलण्यात आले. त्यानंतर तो न्हाणीघरातही तोंडावर पाणी घेत नाही. डोक्यावरून तांब्या ओतला की किंचाळतो. सासूबाईंचे म्हणणे आहे की इतक्या लहान मुलीला पाण्यात घातले तर सर्दी होईल आणि कान फुटतील. पावणेतीन हे वय खरोखर फार लवकर आहे का? आणि वर्ग चांगला की वाईट हे पोहता न येणाऱ्या आईने कसे ओळखावे?

तलावावरची_ताई

मी गेली चौदा वर्षे लहान मुलांना पोहायला शिकवते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पैसे भरण्यापूर्वी मुलांना घरी ठेवून एकटीने जा आणि एक संपूर्ण वर्ग काठावर बसून पाहा. जिथे असे पाहू देत नाहीत तिथे घालू नका. मूल आईकडे पाहून रडते म्हणून पालकांना थोडे दूर बसवणे मी समजू शकते, मीही कधीकधी तसे करते. पण पालकांना काहीच दिसू नये अशी व्यवस्था करण्याचे कोणतेही प्रामाणिक कारण मला आजवर सापडलेले नाही.

पाहायला गेलात की ज्या मुलावर शिकवणाऱ्याचा हात आहे त्याच्याकडे पाहू नका. बाकीची मुले काय करत आहेत ते पाहा. समजा, सहा मुले भिंतीला धरून बसली आहेत आणि सर एकाला घेऊन चार हात पुढे गेले आहेत. त्या वेळी सरांची पाठ कोणाकडे आहे? उरलेल्या पाचांवर कोणाची नजर आहे? तलावावर शिकवण्याचे काम न करणारा, केवळ पाण्यावर लक्ष ठेवणारा जीवरक्षक असलाच पाहिजे. शिकवता शिकवता लक्ष ठेवतो असे सांगणारा माणूस या दोन्ही कामांपैकी एक अर्धवट करणार. चार वर्षांखालच्या मुलाबरोबर पाण्यात त्याचे स्वतःचे एक मोठे माणूस हवे. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एका शिक्षकामागे चार, फार तर पाच मुले, आणि शिक्षक पाण्यात उतरलेला. शिट्टी आणि बांबू घेऊन काठावरून शिकवणे मोठ्या मुलांच्या सरावाला ठीक आहे. या वयाला ते चालत नाही.

आता हमीबद्दल. एकवीस दिवसांत मूल तलावाची रुंदी पार करते हे खरे आहे, मीही तसे करून दाखवू शकते. मूल श्वास कोंडते, मान ताठ वर ठेवते, हात मारत पलीकडची भिंत गाठते आणि पालक टाळ्या वाजवतात. त्याच मुलाला मध्येच थांबवून ‘आता पाठीवर झोप’ असे सांगून पाहा. ज्याला ते जमत नाही, त्याचा दम भिंतीच्या चार हात अलीकडे संपला तर पुढे काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून लहान मुलांसाठी माझा क्रम वेगळा असतो : आधी पाण्यात फुंकर घालणे, मग पाठीवर तरंगणे, मग पाण्यात उडी घेतल्यावर वळून जिथून उडी घेतली त्याच काठाकडे परत येणे. तुमच्या मुलीच्या बाबतीत जे घडले त्यात तिला हे वळणेच उपयोगी पडले असते. फ्रीस्टाइल आणि ब्रेस्टस्ट्रोक नंतर येतात, आणि पाया पक्का असेल तर फार लवकर येतात.

पाठीवर तरंगायला शिकवणे हे सगळ्यांत नाजूक काम आहे आणि त्यावरून शिक्षक ओळखता येतो. कान पाण्याखाली गेले की बाहेरचे आवाज एकदम बंद होतात, मूल दचकून डोके उचलते, डोके उचलले की कंबर वाकते आणि कंबर वाकली की ते बुडू लागते. चांगला शिक्षक अशा वेळी ‘घाबरू नको’ असे ओरडत नाही, कारण मुलाला ते ऐकूच येत नाही. मी मुलाच्या डोक्याखाली तळहात ठेवते, माझा चेहरा त्याला दिसेल असा वर आणते आणि त्याचे पोट वर आले की एकेक बोट काढत जाते. शेवटी फक्त करंगळी उरते, आणि तीही काढल्याचे पुष्कळदा मुलाच्या लक्षात येत नाही. याला काहींना तीन दिवस लागतात, काहींना दोन महिने.

रडणाऱ्या मुलाशी शिक्षक कसे वागतो, हेही नीट पाहा. रडणारे मूल पाण्यात असताना ‘पाण्यात पडले की पोहता येते’ असे कोणी म्हणाले, तर तिथून उठून घरी या.

तुमच्या मुलाला मोठ्या बॅचमध्ये मुळीच घालू नका. आधी घरी सुरुवात करा. तांब्या त्याच्याच हातात द्या. किती पाणी, कधी आणि कुठे ओतायचे हे त्याने ठरवावे. पेल्यात पाणी घेऊन स्ट्रॉने बुडबुडे काढू द्या, मग स्ट्रॉशिवाय ओठ टेकवून. शिकवणाऱ्याला गेल्या वर्षीचा प्रसंग आधीच सांगा. ‘दोन दिवसांत भीती घालवतो’ असे उत्तर आले तर तो माणूस त्याच्यासाठी योग्य नाही. ‘मी त्याला न विचारता हात लावणार नाही’ असे उत्तर आले तर पुढे बोला.

आणि दंडात घालायचे हवेचे फुगे कृपया घेऊ नका. ते मुलाला पाण्यात उभे ठेवतात, तर पोहण्यासाठी शरीर आडवे व्हावे लागते. शिवाय मूल अशी समजूत करून घेते की पाणी आपल्याला आपोआप धरून ठेवते, आणि एक दिवस फुगे न घालता त्याच विश्वासाने पाऊल टाकते.

बालरोगतज्ज्ञ_पुणे

वरील प्रतिसादात शिकवण्याची बाजू उत्तम आली आहे. मी वैद्यकीय बाजू सांगतो.

पावणेतीन हे वय लवकर नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, मुलाची तयारी असेल तर वयाच्या पहिल्या वर्षानंतर पोहण्याचे शिक्षण सुरू करण्यास अनुकूल आहे. एक वर्षाखालील बाळांना वर्गात नेल्याने बुडण्याचा धोका कमी होतो याला मात्र पुरावा नाही. तिथे आईवडिलांबरोबर पाण्याची ओळख एवढाच हेतू असावा. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1 ते 4 वर्षे वयोगटात पोहण्याचे रीतसर शिक्षण आणि बुडण्याच्या धोक्यातील 88 टक्के घट यांचा संबंध आढळला होता. वर्गांच्या जाहिरातींत हा आकडा पुष्कळदा दिसतो. त्या अभ्यासातील मुलांची संख्या लहान असल्यामुळे 88 हा आकडा जसाच्या तसा धरू नये, परंतु शिकवल्यामुळे मुले धीट होऊन अधिक बुडतात ही जी भीती पूर्वी व्यक्त केली जात असे, तिला त्यातून आधार मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. त्यामुळे तुमची काळजी अनाठायी नाही.

सासूबाईंच्या शंकेबद्दल : सर्दी विषाणूंमुळे होते, पाण्यामुळे नाही. मात्र लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर थंड पडते, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. या वयाला साधारण 30 ते 32 अंश सेल्सिअसचे पाणी आणि अर्ध्या तासाचा वर्ग पुरे. ओठ निळसर दिसू लागले किंवा मूल कुडकुडू लागले की वर्ग अर्ध्यावर सोडून बाहेर काढावे आणि त्याबद्दल कोणाचाही संकोच बाळगू नये. पुण्यातील उघड्या तलावांचे पाणी हिवाळ्यात या वयाला मानवत नाही. मार्च-एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंतचा काळ बरा. पाण्यामुळे कानाचा पडदा फुटत नाही. पडद्याला आधीच छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा कानात नळी बसवलेली असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये. एरवी पोहून झाल्यावर टॉवेलच्या टोकाने बाहेरचा कान टिपावा. कापसाच्या काड्या घालू नयेत.

पाणी तपासण्यासाठी पोहता येण्याची गरज नाही. सर्वांत खोल भागातील तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर तळाशी गेलेले मूलही दिसणार नाही. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छता असा समज आहे, तो चुकीचा आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी संयुगे तयार होतात त्यांचा तो वास असतो, आणि डोळेही त्यांनीच चुरचुरतात. मुक्त क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात 1 ते 3 भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, 7.2 ते 7.8 या दरम्यान असावा. त्याची रोजची नोंद कुठे ठेवता, असे विचारा. जुलाब झालेल्या मुलाला तलावावर नेऊ नये. पोहण्याचा डायपर जुलाब अडवत नाही आणि काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही अनेक दिवस जिवंत राहतात.

आणखी दोन गोष्टी. वर्ग सुरू झाला तरी पाण्याजवळ मूल तुमच्या हाताच्या अंतरावरच हवे. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला कळलेच आहे की बुडणारे मूल ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या क्षणात ते श्वास घेण्याचा प्रयत्न करते, हाक मारायला त्याच्याकडे श्वासच उरत नाही. या वयाला घरातली भरलेली बादली आणि उघडा हौदही तितकाच धोक्याचा आहे. दुसरे म्हणजे, तुम्ही दोघांनी प्रथमोपचाराचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे. बुडालेल्या व्यक्तीला उलटे टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे लागते आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी तरी 108 ला फोन करावा.

वाईचे_आजोबा

ताईंनी ‘पाण्यात पडले की पोहता येते’ या म्हणीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्या पिढीला विहिरीत ढकलून पोहायला शिकवले, असे माझ्या वयाचे लोक अभिमानाने सांगतात. मी शिकलो तेव्हा आठ वर्षांचा होतो, आणि मला जे आठवते ते निराळे आहे.

आमच्या मळ्यातल्या विहिरीला दगडी पायऱ्या होत्या. पहिले पाच-सहा दिवस काकांनी मला पाण्यालगतच्या पायरीवर नुसते बसवले. नंतर पाठीवर पांगाऱ्याचा वाळलेला ओंडका काथ्याच्या दोरीने बांधला. पांगाऱ्याचे लाकूड अतिशय हलके, वाळले की पाण्यावर बुचासारखे राहते. ज्यांच्याकडे पांगारा नसे ते वाळका भोपळा किंवा झाकण डांबराने बंद केलेला तेलाचा डबा बांधत. कमरेला दुसरी दोरी असे, तिचे टोक वर आजोबांच्या हातात, आणि काका स्वतः पाण्यात. चार दिवसांनी ओंडका बदलून त्याहून बारीक दिला, मग आणखी बारीक. एके दिवशी काका म्हणाले, आज काही बांधायचे नाही. तोपर्यंत माझे मलाच कळले होते की पाणी उचलून धरते. म्हणजे एका मुलामागे दोन मोठी माणसे होती. सहा वर्षांखालच्या पोराला तर विहिरीच्या वाटेलाही फिरकू देत नसत.

माझ्या धाकट्या भावाला मात्र थोरल्या पोरांनी खरोखरच ढकलले. त्याने गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेले, काकांनी त्याला वर काढले. आज तो सत्तरीला आला आहे. घाटावर जन्म गेला, पण कृष्णेत घोट्याच्या वर तो आजही उतरत नाही. तुमच्या मुलाला शिकवताना घाई करू नका, एवढ्यासाठी हे लिहिले.

आइंडहोवनहून

मी गेली नऊ वर्षे नेदरलँड्समध्ये आहे. या देशात घराबाहेर पडले की कालवा दिसतो, त्यामुळे पोहणे हा इथल्या पालकांसाठी छंदाचा विषय नसतो. मुले साधारण चार-पाच वर्षांची झाली की शिकू लागतात आणि ए, बी, सी अशी तीन प्रमाणपत्रे असतात. माझ्या मुलाला पहिल्याच प्रमाणपत्राला दीड वर्ष लागले आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

मला सांगायची गोष्ट ही की इथे परीक्षा अंगावर कपडे आणि पायांत बूट घालून द्यावी लागते. मुलाने कपड्यांसह पाण्यात उतरायचे, जागच्या जागी तरंगत राहायचे आणि पोहून स्वतःच बाहेर यायचे. पाण्याखाली ताणून धरलेल्या ताडपत्रीतल्या भोकातूनही पार व्हायचे असते. पहिल्यांदा कपड्यांसह उतरला तेव्हा माझा मुलगा गोंधळला, कारण भिजलेली पँट पायांना ओढत होती आणि रोजचे पाय मारणे लागू पडेना. अपघाताने पाण्यात पडणारे मूल पोहण्याच्या पोशाखात असेलच असे नाही. मुले थोडी तयार झाली की महिन्यातून एक दिवस हा सराव घेता येईल का, असे तुमच्या शिक्षकांना जरूर विचारा.

कोथरूडची_आई

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही ठिकाणी जाऊन पाहून आले, म्हणून इतक्या दिवसांनी लिहीत आहे.

सोसायटीच्या तलावावर शिबिराआधीचा सराव चालू होता. मी सतरा मुले मोजली. प्रशिक्षक एकच होते आणि ते काठावर उभे होते. खोल बाजूची जाळी मला दिसली नाही. मी जीवरक्षकाबद्दल विचारले तेव्हा ‘मीच आहे की’ असे उत्तर मिळाले. प्रशिक्षक माणूस म्हणून मुळीच वाईट नाहीत, मुलांशी हसून बोलत होते; पण सतरा मुलांकडे एक माणूस कसे पाहणार? समितीला आम्ही सहा घरांनी मिळून पत्र दिले आहे की स्वतंत्र जीवरक्षक नेमल्याशिवाय आणि पाण्याची रोजची नोंद फलकावर लावल्याशिवाय शिबिर सुरू करू नये.

बाणेरला वर्ग चालू असताना चारेक वर्षांची एक मुलगी रडू लागली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला पाण्याबाहेर काढले नाही आणि खोल पाण्यातही नेले नाही. त्या तिच्याबरोबर पायरीवर बसल्या, दुसऱ्या बाईंनी उरलेली तीन मुले आपल्याकडे घेतली, आणि थोड्या वेळाने ती मुलगी प्लास्टिकच्या पेल्याने बाईंच्याच खांद्यावर पाणी ओतू लागली. ते पाहून मी तिथेच नाव नोंदवले. मुलीबरोबर शनिवार-रविवारी तिचे बाबा पाण्यात उतरणार आहेत. मुलाची चार जणांची बॅच आहे. त्याच्याबद्दल सांगितले तेव्हा बाई म्हणाल्या, ‘पहिल्या दिवशी तो कपडे बदलून नुसता बसला तरी चालेल.’ आणि खरोखरच पहिले दोन वर्ग तो पायरीवर बसून होता.

ताई, तुम्हाला दोन प्रश्न आहेत. तो किती दिवस असा बसू द्यावा? आणि तो गॉगल मागतो आहे, तो द्यावा का?

तलावावरची_ताई

बसू द्या, पण प्रत्येक वर्गात एक लहानशी गोष्ट त्याला विचारून करून घ्यायला बाईंना सांगा : आज गुडघ्यापर्यंत, उद्या हनुवटी भिजवणे, परवा ओठ. तो नाही म्हणाला तर आदल्या दिवशीची गोष्ट पुन्हा करायची. सलग चार-पाच वर्ग तो मागच्याच जागी राहिला तर बाईंशी बोलून आठवडाभर खंड घ्या आणि घरच्या पेल्यावर परत या.

गॉगलबद्दल माझे मत असे आहे की एरवी मी पहिला महिनाभर देत नाही, कारण गॉगलशिवाय डोळे उघडायची सवय नसलेले मूल अचानक पाण्यात पडले की डोळे घट्ट मिटते आणि काठ कुठे आहे हे त्याला दिसत नाही. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. गॉगल घातल्याने तो स्वतःहून तोंड पाण्यात घालणार असेल तर आजच द्या. एकदा त्याला पाण्याखालच्या फरशा मोजण्याची गोडी लागली की वर्गाच्या शेवटची पाच मिनिटे गॉगल काढून तेच करायला लावा.

मुलीच्या बाबांना एक निरोप द्या. तिला काखेत धरून वर उचलून पाण्यात फिरवू नये. तिची हनुवटी पाण्याला लागेल इतके स्वतः खाली वाकावे, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीवर येतात आणि तिला पाण्याचा भार अंगावर जाणवू लागतो.

कोथरूडची_आई

निरोप दिला. कालच्या वर्गात मुलाने हनुवटी भिजवली.